जांभळांच्या दिवसांतला करार

परवा सकाळी बदलापूर स्टेशनच्या पूर्वेला, रिक्षांच्या रांगेपलीकडे, टोपल्या दिसल्या. पानांच्या द्रोणांत भरलेली जांभळं, त्यांवर शिंपडलेलं पाणी, आणि टोपलीमागे उकिडव्या बसलेल्या बायका. त्यांची हाक कधी ओरडल्यासारखी नसते, सांगितल्यासारखी असते. "गोड हाय, खाऊन तं बघ." मी एक तोंडात टाकलं. आधी जीभ आक्रसली, मग मागून हळूच गोडी आली, आणि मी तिथंच उभी राहून एकटी हसायला लागले.

"काय झाला ताई, तुरट लागला?" टोपलीवाली म्हणाली.

"नाही गं," मी म्हटलं, "एक मतदान आठवलं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि दोन जांभळं जास्त घातली. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसांशी आमच्याकडे लोक फार प्रेमानं वागतात.

मी विमान चालवते. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या बाजूला आमची आळी आहे, तिथं हे वाक्य अजून दोनदा सांगावं लागतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, ही विमानात चहा देते. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तो माझ्या बाबांकडे बघतो. बाबा मान डोलावतात, तेव्हा कुठं ते खरं होतं. बाबांनी एमआयडीसीतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात आयुष्य काढलं, भट्टी खात्यात. शेताचा एक तुकडा विकून त्यांनी मला शिकवलं. उरलेल्या तुकड्यावर, बदलापूरच्या पुढं धरणाच्या रस्त्याला, जांभळाची सात झाडं आहेत. ती कुणी लावली ते आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही. ती आहेत, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी झाडांना फळ धरलं, त्याच आठवड्यात आमच्या पायलटांच्या संघटनेनं कंपनीला मागणीपत्र दिलं. बोलणीसमितीत तिघं होतो. एक दिल्लीचे कॅप्टन, जे बहुतेक वेळा फोनवरूनच हजर असत. दुसरे कॅप्टन हरेश, उल्हासनगर कॅम्प पाचचे. आणि तिसरी मी, त्या वेळी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, खांद्यावर तीन पट्ट्या. मला का घेतलं, असं मी हरेशना विचारलं होतं. ते म्हणाले, "तू ब्रीफिंगमध्ये कमी बोलतेस आणि कॅन्टीनमध्ये खरं बोलतेस. मला कॅन्टीनवाली पाहिजे."

घरी सांगितलं तेव्हा बाबा ओट्यावर बसून पायाला तेल लावत होते. त्यांचा हात थांबला.

"विमानवाल्यांना पन युनियन असते?"

"असते ना."

"आन् तू टेबलावर बसनार?"

"हो."

निवृत्त झाल्यापासून बाबा थोडे विझल्यासारखे झाले होते. सकाळी देवळापर्यंत जायचं, परत यायचं, बातम्या बघायच्या, त्यांच्यावर चिडायचं. त्या संध्याकाळी मात्र ते उठले, हात धुतले, लग्नाला जातानाचा पांढरा सदरा घातला आणि परत ओट्यावर येऊन बसले. "हां," म्हणाले, "आता सांग. काय काय मांगतंस?"

त्या दिवसांतला आमच्या ओट्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. मे महिना म्हणजे आईची अगोट. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. सुकट, बोंबील, मसाल्याच्या मिरच्या, सगळं अंगणात वाळत पडलेलं, आणि त्यावर एक डोळा ठेवून बसलेली आई. पलीकडे कुणाच्या तरी मांडवात हळदीची गाणी लागलेली. अशा त्या खारट, तिखट, ढोलकीच्या वातावरणात बाबांनी मला बोलणी शिकवली. आणि शिकवण्यासाठी समोर कंपनी हवी, म्हणून आईला कंपनी केलं.

"पयली मागनी वाच," बाबा म्हणाले.

मी वाचली. "कामाचं वेळापत्रक निदान दहा दिवस आधी हातात मिळावं."

आईनं सुकटीतून मान वर न काढता सांगितलं, "नाय जमाचा."

"का नाय जमाचा?" बाबा.

"कंपनी तोट्यान हाय."

"मंग साहेबांच्या नव्या गाड्या कशा येतात?"

"त्या आधीच्याच हान. तुमची पोरगी नको बोलत असंल तं दुसरी ठेवू. बाहेर लाईन लागलीय."

बाबा माझ्याकडे वळले, कारण पुढचा मुद्दा त्यांना सुचेना. मी दुसरी मागणी वाचली. आठवड्याची सुट्टी ऐनवेळी रद्द करू नये. आईनं ती फेटाळली. घरी फोनजवळ बसवून ठेवलेला दिवस विश्रांतीत धरू नये. फेटाळली. ओळीनं चार पहाटेची उड्डाणं देऊ नयेत. ती तर तिनं वाचूच दिली नाही. अर्ध्या तासात आमचं मागणीपत्र सुकटीच्या कचऱ्यात गेलं होतं.

"ही अशी कशी बोलते?" बाबा थक्क होऊन म्हणाले.

"तुमच्या पगारान पंचवीस वर्सं घर चालवला," आई म्हणाली. "मना नाय बोलाची सवय हाय."

आम्ही तिघंही इतके हसलो की शेजारची काकू कुंपणावरून डोकावली. मला वाटतं, त्या हंगामाचा आनंद तिथून सुरू झाला. पुढं खऱ्या टेबलावर कुणी "कंपनी तोट्यात आहे" म्हटलं की मला आईचा चेहरा दिसे आणि भीती पळून जाई.

रविवारी सकाळी आम्ही हरेशच्या घरी जमायचो. कॅम्प पाचमधली अरुंद गल्ली, खाली जीन्स शिवणाऱ्या मशीनची घरघर, निळ्या धाग्यांचे पुंजके वाऱ्यानं जिन्यापर्यंत आलेले. वर दोन खोल्या आणि गच्ची. लोकांना वाटतं पायलट म्हणजे समुद्राकडे तोंड असलेला फ्लॅट. हरेश त्यांच्या अम्माला सोडून जायला तयार नव्हते आणि अम्मा कॅम्प सोडायला. त्यामुळं चार पट्ट्यांचा तो माणूस रोज त्या गल्लीतून पांढराशुभ्र शर्ट घालून, धागे चुकवत चालत जायचा. गल्लीतली पोरं त्याला सलाम ठोकायची आणि तोही थांबून उलट सलाम ठोकायचा.

अम्मा दाल पकवान करायच्या. तो कुरकुरीत पकवान मोडल्याचा आवाज आणि एक्केचाळीस मागण्यांवरची आमची भांडणं, दोन्ही एकदमच आठवतात. टेबलावर लढवायला एक्केचाळीसच्या नऊ करायच्या होत्या. प्रत्येक मागणीमागं कुणीतरी सहकारी उभा होता. कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन सुट्टी रद्द झाल्यानं हुकलेलं, कुणाचं बाळ बापाला बघून रडणारं. कुठली ओळ काढायची म्हटलं की तो माणूस डोळ्यांसमोर यायचा.

एकदा अम्मांनी ताट ठेवता ठेवता विचारलं, "हरेश, पायलट क्या मजदूर होता है? इतना पगार लेके युनियन?"

हरेशनी पकवानाचा तुकडा तसाच हातात धरला. "अम्मा, जिसका टाइम कोई और लिखता है, वो मजदूर."

अम्मांनी क्षणभर विचार केला. मग खालच्या मशीनच्या आवाजाकडे बोट करत म्हणाल्या, "तो उनका भी लिख." मला ते फार लागलं. आजही आमच्या टेबलावर मोठे शब्द उडायला लागले की मला खालची ती घरघर ऐकू येते.

बोलणी विमानतळाजवळच्या एका हॉटेलात होती. थंड खोली, लांब टेबल, न संपणारी बिस्किटं. समोर कंपनीच्या बाजूनं कर्णिक मॅडम. बारीक चण, पांढरे होत आलेले केस, नेहमी सुती साडी. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. नकारसुद्धा त्या असा द्यायच्या की आपण आभार मानून बसायचो आणि मग लक्षात यायचं, अरे, हा तर नकार होता.

पहिल्या दोन बैठका लग्नाच्या बोलणीसारख्या नुसत्या गोडगोड बोलण्यात गेल्या. तिसऱ्या बैठकीत ओळीनं चार पहाटेच्या उड्डाणांची मागणी निघाली. झाडांवरची फळं तोवर गुलाबी झाली होती. मॅडमनी फाईल उघडली.

"तुम्ही थकव्याबद्दल लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण या वेळापत्रकात थकव्यामुळं चूक झाल्याची एकही नोंद आमच्याकडे नाही. एकही नाही. मग आम्ही ते बदलावं कशासाठी?"

हरेशनी माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही एकच सकाळ आठवत होती.

चार महिन्यांपूर्वीची. ओळीनं चौथी पहाट. विमान उतरवायला सुरुवात केलेली, खाली ढगांची दुलई, सूर्य नुकता वर आलेला. नियंत्रण कक्षानं सांगितलं, अकरा हजार फुटांवर थांबा. मी रेडिओवर बरोबर उच्चारलं, "अकरा हजार." आणि माझ्या बोटांनी उंचीच्या बटणावर दहा लावलं. मला ते दिसतसुद्धा होतं. दहाचा आकडा दिसत होता आणि तो अकराच आहे, अशी माझी खात्री होती. शेजारून हरेशचं बोट पुढं आलं. "अकरा," ते शांतपणे म्हणाले. मी दुरुस्त केलं. काहीही झालं नाही. प्रवाशांनी उतरताना नमस्कार केला, एका आजोबांनी "छान उतरवलंत" म्हटलं. मी शौचालयात जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले.

ती चूक मी लिहून दिली नव्हती. माझं नाव कॅप्टनच्या बढतीच्या यादीत होतं. अशा वेळी कागदावर डाग कोण लावून घेतो? नोंद नव्हती, कारण मी लिहिलं नव्हतं. आणि आता त्याच न लिहिण्याचा पुरावा करून मॅडम आमच्यासमोर ठेवत होत्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. खोटं माझ्याकडे होतं.

"एक नोंद आहे," मी म्हणाले.

"कुठं?"

"माझ्याकडे. मी लिहिली नाही, कारण मला कॅप्टन व्हायचंय." आणि मी सगळं सांगितलं. अकरा, दहा, बोट.

मी संपवल्यावर हरेश म्हणाले, "और मैंने भी नहीं लिखा. मॅडम, ती ज्युनिअर आहे, तिला भीती होती. मला कसली भीती होती ते मला अजून कळलेलं नाही."

कर्णिक मॅडमनी फाईल मिटली. "त्या दिवशी किती वाजता उठला होतात?"

"दीडला."

"घर कुठं तुमचं?"

"अंबरनाथ."

"अंबरनाथ म्हणजे... डोंबिवलीच्या पुढं?"

"बरंच पुढं, मॅडम."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि बैठक संपवली. दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघांनाही चौकशीसाठी उड्डाणांवरून खाली घेतलं.

घरी सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून मी बाबांना घेऊन झाडांवर गेले. फळं काळी पडायला लागली होती. जांभूळ तोडायचं म्हणजे एक जण वर आणि दोघं खाली जुनी साडी धरून. खाली पडलं की फुटतं, फुटलं की बाजार नाही. गावातला लहानू वर चढला होता. बाबा आणि मी साडीची टोकं धरून उभे. वरून टपटप फळं पडत होती, साडीवर जांभळे ठिपके उमटत होते. मान वर करून, त्यांच्याकडे न बघता, मी सगळं सांगून टाकलं. बढती गेली असेल, असंही सांगितलं.

बाबांनी साडीचं टोक मुठीला गुंडाळलं. मग म्हणाले, "आमच्या खात्यान उन्हाल्याचं अंग भाजायचं. माहित हाय ना तुला?"

माहीत होतं. लहानपणी त्यांच्या दंडाला हात लावला की गरम लागायचा.

"आमी टेबलावर गेलो. साहेब बोल्ला, उष्नतेचा भत्ता देतो. आमी नाचलो. गुलाल उधलला. दर करारान भत्ता वाढवून घेतला, दर करारान गुलाल." त्यांनी साडी घट्ट ताणली. "बाय, आमी भत्ता मांगला. पंखा नाय मांगला. रिटायर झालो तवाबी भट्टीजवल पंखा नव्हता."

वरून लहानू ओरडला, "काका, साडी सैल सोडू नका!" आम्ही दोघांनी ती परत ताणली. संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलं, "पोरीनं पंखा मांगला." आईला काही कळलं नाही, पण तिनं त्या दिवशी माझ्यासाठी बोंबलाचं कालवण केलं.

चौकशी आठवडाभर चालली. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमानाच्या बनावट कॉकपिटमध्ये, माझी परीक्षा घेतली. मी आदल्या रात्री नीट झोप घेतली होती. पास झाले. हरेशना समज मिळाली, मला समज मिळाली आणि बढती सहा महिने पुढं गेली. मला वाटलं होतं फार वाईट वाटेल. उलट रिकामं, हलकं वाटलं, परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन बाहेर आल्यासारखं.

आणि मग कंपनीचा प्रस्ताव आला. पहाटेच्या प्रत्येक उड्डाणाला घसघशीत भत्ता. पगारवाढ आमच्या मागणीपेक्षा जास्त. वेळापत्रक मात्र होतं तसंच. तो कागद इंग्रजीत होता, पण मला तो बाबांच्या आवाजात ऐकू येत होता.

हा भत्ता घ्यायचा, की कमी पैशांत विश्रांती मागायची, हा निर्णय सभासदांनी घ्यायचा होता. विमानतळाजवळच्या हॉलवाल्यानं ऐनवेळी दुरुस्तीचं कारण सांगितलं आणि हरेशनी कॅम्प पाचमधला एक लग्नाचा हॉल मिळवला. आदल्या दिवशीच तिथं लग्न लागलेलं. त्या सकाळी कॅम्पच्या गल्ल्यांत जे दृश्य दिसलं ते पुन्हा दिसायचं नाही. काळे चष्मे लावलेले पायलट मोबाइलच्या नकाशाकडे बघत फिरताहेत, दोघं चुकून जीन्सच्या कारखान्यात शिरून एकेक पॅंट घेऊन बाहेर येताहेत, आणि गल्लीतली पोरं रांगेनं सगळ्यांना सलाम ठोकताहेत. हॉलमध्ये खुर्च्यांना साटिनचे बो, मागं थर्माकोलचं बदाम, त्यावर कालच्या नवरानवरीची नावं. स्टेजवर नवरानवरीचा लाल मखमली कोच सोडून बसायला दुसरं काही नव्हतं. हरेश आणि मी त्यावर बसलो. समोरून फोटोच फोटो. पहिल्या रांगेत अम्मा आणि माझे बाबा शेजारी शेजारी, दोन्ही बाजूंचे वडीलधारे असावेत तसे. बाबांनी येताना दोन टोपल्या जांभळं आणली होती. ती रांगांतून फिरत होती.

मी उभी राहिले आणि भाषण विसरले. मग फक्त भट्टीची गोष्ट सांगितली. भत्ता, गुलाल, पंखा. बाबा मान खाली घालून बियांचा ढीग लावत बसले होते.

मागच्या रांगेतून एक तरुण फर्स्ट ऑफिसर उठला. "मॅडम, गोष्ट चांगली आहे. पण आमच्या घरात मी एकटाच कमावतो. तुमचा पंखा मला परवडत नाही."

तो चुकीचं बोलत नव्हता. हरेश कोचावरून न उठताच म्हणाले, "तू अपना वोट अपने हिसाब से दे, बेटा. पंखा लगा तो हवा तुझे भी लगेगी. नाराजी नहीं."

मतदान चिठ्ठ्यांवर होतं. एक चौकोन भत्त्याचा, एक विश्रांतीचा. तोवर सगळ्यांची बोटं जांभळी झाली होती, त्यामुळं मोजणीला बसलो तेव्हा चिठ्ठ्या रंगपंचमी खेळून आल्यासारख्या. एका चिठ्ठीवर तर पेनाची खूणच नाही, दोन्ही चौकोनांवर जांभळाचे अंगठे. ही बाद की वैध, यावर दिल्लीचे कॅप्टन फोनवरून नियम सांगू लागले. अम्मांनी चिठ्ठी हातात घेतली, उजेडात धरली आणि निकाल दिला, "जिधर ज़्यादा जामुन, उधर वोट." ती विश्रांतीच्या ढिगात गेली. तिची गरजही नव्हती. तो ढीग दुसऱ्याच्या दुप्पट उंच होता. कुणीतरी हॉलवाल्याकडून कालची ढोलकी मागून आणली. बाबा नाचले. मी त्यांना नाचताना त्याआधी फक्त हळदीत पाहिलं होतं.

शेवटच्या बैठकीत कर्णिक मॅडमनी निकाल वाचला आणि विचारलं, "कमी पैसे घ्यायला माणसं तयार झाली?"

"झाली," हरेश म्हणाले.

"मी इतकी वर्षं हे काम करते," मॅडम म्हणाल्या, "हे पहिल्यांदा बघतेय." मग एकेक कलम सरकू लागलं. वेळापत्रक दहा दिवस आधी. ओळीनं दोनच पहाटा. सुट्टी ती सुट्टी. पगारवाढ माफक, पण वाढ. सगळं उरकत आलं तेव्हा हरेश म्हणाले, "एक राहिलं. घरून न्यायला गाडी येते तिची हद्द मुलुंडपर्यंत आहे. ती बदलापूरपर्यंत करा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ही मागणी आमच्या यादीत नव्हती. मी ती मुद्दाम घातली नव्हती, माझ्यासाठी मागितल्यासारखी दिसेल म्हणून.

"बदलापूरला कोण राहतं तुमच्यातलं?" मॅडमनी विचारलं.

"आज कुणी नाही. उद्या राहतील. नव्या पोरांना घर तिकडंच परवडतं." आणि मग अगदी साळसूदपणे, "अंबरनाथ काय, वाटेतच लागतं."

मॅडम हसल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. कलम मंजूर झालं.

पुढच्या महिन्यात दहा दिवस आधी वेळापत्रक आलं. किती साधी गोष्ट. आईनं नेहमीसारखं विचारलं, "कवा हायस घरान?" आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिला तारीख सांगितली. ती दोनदा म्हणाली, "नक्की ना?" मी दोनदा "नक्की" म्हणाले. नक्की हा शब्द इतका गोड असतो हे मला ठाऊकच नव्हतं. त्या एकट्या कमावणाऱ्या मुलाचा एके दिवशी मेसेज आला. "मॅडम, काल आठ तास झोपलो." पुढं काही नाही. मी तो अजून पुसलेला नाही.

त्या नक्की सुट्टीच्या दिवशी बाबा म्हणाले, "करार आन. वाचून दाखव."

मी ओट्यावर बसले आणि इंग्रजीतलं एकेक कलम मराठीत सांगत गेले. बाबा डोळे मिटून ऐकत होते, भजन ऐकावं तसे. मधूनच मान डोलवायचे. अकराव्या कलमाशी आले. "एकदा जाहीर झालेलं वेळापत्रक शक्यतो बदललं जाणार नाही."

बाबांनी डोळे उघडले. "थांब. परत वाच."

मी परत वाचलं.

"शक्यतो म्हंजे?"

"म्हणजे... जमेल तितकं."

"कोनाला जमंल तितका?"

मी कागदाकडे पाहिलं. तीन पायलट, एक वकील, अख्खी संघटना, सगळ्यांनी ते कलम वाचलं होतं. सगळ्यांनी त्यावर टाळ्या वाजवल्या होत्या. तो एवढासा शब्द तिथं पाय पसरून बसला होता आणि कुणालाच दिसला नव्हता. मी खालच्या आवाजात म्हटलं, "कंपनीला जमेल तितकं."

मला वाटलं बाबा रागावतील. ते हसायला लागले. मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आई आतून धावत आली. "काय झाला?"

"अगो, कंपनीनं आपल्या बायच्या करारान एक शब्द घुसवला!"

आईनं शब्द विचारला, ऐकला आणि पदराला हात पुसत म्हणाली, "एकच? मी असती तं दोन घातले असते."

यंदा तो करार संपतोय. हरेश पुढच्या वर्षी निवृत्त होतील, म्हणून समितीची अध्यक्ष मला केलंय. माझ्या खांद्यावर आता चार पट्ट्या आहेत. गेल्या आठवड्यात पहिली बैठक झाली. कर्णिक मॅडमचे केस पूर्ण पांढरे झालेत, साडी तशीच सुती. मी मागणीपत्र त्यांच्यापुढं सरकवलं. पहिली मागणी एका ओळीची होती. कलम अकरामधला 'शक्यतो' हा शब्द काढावा.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा शब्द मी स्वतः घातला होता. तुमच्या वकिलालाही सापडला नाही. कोणी शोधला?"

"भट्टी खात्यातल्या एका कामगारानं," मी म्हटलं.